शंभर अधिक वय

गेल्या श्रावणात आमच्या शाळेत आरोग्यतपासणीचे शिबिर भरले होते. मुलांचे दात, डोळे, कान पाहून झाले आणि उरलेल्या वेळात आम्हा मास्तरमंडळींचीही वर्णी लागली. मी मुलांना चित्रकला शिकवतो आणि सुट्टीत कादंबऱ्या लिहितो. सातवीच्या वर्गाची वारली चित्रे तपासून, दोन जिने चढून, हातातला चहाचा कप तसाच घेऊन मी त्या खुर्चीवर जाऊन बसलो. परिचारिकाबाईंनी सदऱ्याच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळला, यंत्र गुरगुरले, आणि बाई म्हणाल्या, "सर, १५४ बाय ९६."

माझ्या मागे रांगेत आमचे गणिताचे सहकारी उभे होते. त्यांनी ताबडतोब हिशेब मांडला. "अहो, तुमचे वय पंचेचाळीस. शंभर अधिक पंचेचाळीस म्हणजे एकशे पंचेचाळीस. नऊच तर जास्त! दिवाळीपर्यंत उतरेल."

सगळे हसले. मला मात्र हसू आले नाही. हा हिशेब मी यापूर्वी एकदा ऐकला होता.

२००३ साली आमचे अण्णा बासष्ट वर्षांचे होते. डोके दुखते म्हणून गावातल्या एका डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर मोठे प्रेमळ. त्यांनी पारा चढवला, उतरवला, आणि चिठ्ठीवर लिहिले, १६४. मग स्वतःच म्हणाले, "शंभर अधिक बासष्ट, एकशे बासष्ट. दोनाचा काय फरक? वयाच्या मानाने उत्तम!" अण्णा इतके खूष झाले की येताना आईसाठी गजरा घेऊन आले आणि रात्री हट्टाने कांदाभजी करायला लावली. सात महिन्यांनी एका पहाटे दूध घ्यायला म्हणून उठले आणि दारातच कोसळले. उजवे अंग गेले, वाचा गेली. तिसऱ्या दिवशी अण्णाही गेले. ती चिठ्ठी अजून आमच्या घरी रेशनकार्डाच्या पिशवीत आहे. खालचा आकडा तिच्यावर लिहिलेलाच नाही.

शिबिरातून घरी आल्यावर मी ती चिठ्ठी पुन्हा काढून पाहिली, आणि ठरवले की हे 'शंभर अधिक वय' कोणी, कशावरून ठरवले, याचा माग काढायचा. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तेव्हा वाचकांनी माझ्याकडून वैद्यकी मागू नये. मी सांगतो आहे ती एका आकड्याची बखर.

बखरीची सुरुवात एका घोडीपासून होते. इंग्लंडात, लंडनजवळच्या टेडिंग्टन या गावी स्टीफन हेल्स नावाचे एक पाद्री होते. रविवारी प्रवचन करावे आणि आठवडाभर झाडांच्या मुळांतून पाणी वर कसे चढते ते मोजत बसावे, असा यांचा क्रम. झाडांत रस चढतो तर प्राण्यांत रक्त किती जोराने चढत असेल, असा प्रश्न त्यांना पडला. त्यांनी एक घोडी पाठीवर बांधून आडवी केली. चौदा वर्षांची, जखमेमुळे कामातून गेलेली. मांडीतील रोहिणी उघडून तीत पितळी नळी बसवली आणि तिला नऊ फूट लांबीची काचेची नळी उभी जोडली. दोन नळ्यांमधला जोड लवचीक हवा, तर त्यासाठी हंसाच्या जातीतील एका पक्ष्याची श्वासनलिका वापरली! रबर मिळण्याचे ते दिवस नव्हते. रोहिणीवरचा बंद सोडताच रक्त नळीत चढले ते हृदयाच्या पातळीपासून आठ फूट तीन इंच उंचीवर जाऊन थांबले, आणि तिथे नाडीच्या ठोक्यागणिक खालीवर नाचू लागले. हेल्सने हे सारे १७३३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. घोडी अर्थात वाचली नाही. त्या काळातही शेजारपाजारच्या सहृदय माणसांना पाद्रीबुवांचे हे उद्योग पसंत नव्हते, आणि मला स्वतःला तो प्रयोग वाचताना घोडीच्या डोळ्यांचेच चित्र दिसत राहिले. परंतु रक्ताला 'दाब' असतो आणि तो मोजता येतो, ही गोष्ट जगाला तिथून कळली.

आठ फूट म्हणजे अडीच मीटर. अशी नळी घेऊन रोग्याच्या खाटेशी कोण जाणार? पॅरिसच्या प्वासय याने १८२८ साली आपल्या प्रबंधात यावर तोड काढली. पारा पाण्यापेक्षा साडेतेरा पटींहून थोडा अधिक जड. तेव्हा रक्ताऐवजी पाऱ्याचा स्तंभ उचलायला लावला तर अडीच मीटरांचे काम वीतभर नळीत होते. आजही आपण रक्तदाब 'पाऱ्याच्या मिलिमीटरांत' सांगतो. यंत्रात पाऱ्याचा थेंबही नसला तरी शब्द राहिला.

तरीही दाब मोजायचा म्हणजे रोहिणी कापायची, हे संकट होतेच. १८५६ साली फेव्र नावाच्या फ्रेंच डॉक्टरने हातपाय कापण्याच्या शस्त्रक्रियेच्या वेळी रोग्याच्या उघड्या रोहिणीतच मोजमाप घेतले, आणि १२० च्या आसपास आकडा मिळाला. वाचकहो, आज ज्याला आपण निरोगी माणसाचा आकडा म्हणतो त्याच्याशी हे किती जवळ आहे पाहा.

मधल्या काळातील जर्मन आणि फ्रेंच यंत्रांची हकीकत मी गाळतो. १८९६ साली इटलीतील तूरिन शहरी शिपिओने रीव्हा-रोची या तरुण डॉक्टराने जे केले ते मात्र गाळण्यासारखे नाही. सायकलच्या चाकातील रबरी ट्यूब घेऊन त्याने तिचा पट्टा केला, तो दंडाभोवती गुंडाळला, फुगा दाबून हवा भरली, आणि मनगटावरची नाडी लागेनाशी होईपर्यंत पारा चढवला. नाडी जिथे बंद होते तो वरचा आकडा. कापणे नाही, रक्त नाही! हेल्सपासून १६३ वर्षांनी ही युक्ती सुचली, आणि ती सुचायला सायकलीचा शोध लागावा लागला, याचे मला राहून राहून कौतुक वाटते. त्या पट्ट्यात एक खोट होती. तो फार अरुंद होता आणि त्यामुळे आकडा खरा असेल त्याहून मोठा येई. पुढे पाचेक वर्षांत एका जर्मन डॉक्टराने तो रुंद केला. जाड दंडाला अरुंद पट्टा बांधला की आजही हीच फसगत होते.

खालच्या आकड्याची गोष्ट रशियात घडली. निकोलाय कोरोत्कोव्ह हा लष्करी वैद्यकातील तरुण शल्यवैद्य. रशिया-जपान युद्धात मांचुरियाकडे जखमी सैनिकांच्या रोहिण्या शिवता शिवता त्याला त्यांच्यावर स्टेथोस्कोप ठेवून ऐकण्याची सवय लागली. पट्ट्याखाली रोहिणी पूर्ण दाबली गेली की आवाज नाही. दाब हळूहळू सैल केला की रक्त धक्क्याधक्क्याने निसटू लागते आणि टक् टक् ऐकू येते. हा वरचा आकडा. अजून सैल केले की रक्त मोकळे वाहते आणि आवाज मावळतो. हा खालचा. १९०५ साली सेंट पीटर्सबर्गच्या लष्करी वैद्यक अकादमीत त्याने हे सांगितले तेव्हा छापील पानभरही मजकूर झाला नाही. त्या पानावर साऱ्या जगातील डॉक्टर शंभर वर्षे चालले. कोरोत्कोव्ह स्वतः १९२० साली क्षयाने गेला.

आता हत्यार हाती आले. पण हत्यार असणे निराळे आणि त्याचा अर्थ लावता येणे निराळे. १५० आकडा आला, बरे. तो चांगला की वाईट?

डॉक्टरांनी सरळ मार्ग धरला. येईल त्याचा दाब मोजावा आणि सरासरी काढावी. विशीतल्या माणसांत १२० च्या आसपास, साठीतल्यांत १६० च्या आसपास आकडे दिसू लागले. वय वाढते तसा दाब वाढतो, तेव्हा तो वाढणे हे केस पिकण्यासारखेच असले पाहिजे, असे त्यांनी मानले. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत 'शंभर अधिक वय' हे सूत्र याच वाटेने रूढ झाले. सुटसुटीत, तोंडी करता येण्याजोगे, आणि रोग्याला खूष करणारे.

यात मेख कुठे आहे ती मास्तराच्या चटकन लक्षात येते. एखाद्या वर्षी सगळा वर्गच नापास झाला तर सरासरी गुण मिळवणारा मुलगाही नापासच असतो. पुष्कळांचे जसे असते तसे आपले आहे, एवढ्यावरून आपले ठीक आहे असे होत नाही.

आणि मौज अशी की ही मेख प्रथम पकडली ती डॉक्टरांनी नव्हे, विमावाल्यांनी. विमा कंपनीला रोग्याच्या समाधानाशी कर्तव्य नसते. माणूस किती वर्षे हप्ते भरील आणि कधी मरेल, एवढाच तिचा प्रश्न. अमेरिकेत मिलवॉकी शहरातील एका आयुर्विमा कंपनीचे डॉक्टर जॉन फिशर यांनी १९०७ च्या सुमारास विमा मागणाऱ्या प्रौढांचा रक्तदाब मोजून नोंदवायला लावला, आणि मग वर्षानुवर्षे नोंदी व मृत्यूचे दाखले शेजारी ठेवून पाहिले. १९२५ पर्यंत अनेक कंपन्यांचे आकडे एकत्र झाले. त्यांतून दिसले ते स्वच्छ होते. दाब जितका चढा तितके आयुष्य कमी, आणि 'वयाच्या मानाने ठीक' म्हणवणारेही त्यातून सुटत नव्हते.

नफ्यातोट्याच्या वहीत ही गोष्ट पडून होती आणि दवाखान्यांत मात्र नेमके उलटे शिकवले जात होते! १९३१ च्या सुमारास चांगले नावाजलेले हृदयरोगतज्ज्ञ असे लिहीत की चढलेला दाब ही शरीराने स्वतःच केलेली तजवीज असेल, रोहिण्या कठीण झाल्या तर रक्त पोचवायला जोर नको का? तेव्हा त्याला हात लावू नये. मला त्यांचा फारसा राग येत नाही. हात लावावा असे औषधच त्यांच्यापाशी नव्हते, आणि ज्याला उपाय नाही त्याला रोग न म्हणणे ही जुनी मानवी खोड आहे.

या समजुतीची सर्वांत मोठी किंमत कोणी दिली असेल तर ती अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी. १९३७ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी त्यांचा दाब १६२ बाय ९८ होता. अण्णांच्या चिठ्ठीवरच्या आकड्यापेक्षा दोनाने कमी! १९४१ साली १८८ बाय १०५. त्यांचे खासगी डॉक्टर नाककानघशाचे तज्ज्ञ होते आणि प्रकृती वयाच्या मानाने उत्तम आहे असे वृत्तपत्रांना सांगत होते. मार्च १९४४ मध्ये हॉवर्ड ब्रून या तरुण हृदयरोगतज्ज्ञाला तपासायला बोलावले, तेव्हा आकडा १८६ बाय १०८ होता, हृदय मोठे झाले होते आणि श्वास लागत होता. ब्रूनने मीठ कमी केले, सिगारेटी कमी केल्या, विश्रांती सांगितली. याहून अधिक काय करणार? एकीकडे महायुद्ध चालू होते. १२ एप्रिल १९४५ रोजी जॉर्जियातील वॉर्म स्प्रिंग्ज येथे एक चित्रकर्ती त्यांचे चित्र काढीत असता डोक्यात भयंकर कळ आल्याचे सांगून ते कोसळले. त्या वेळी मोजलेला दाब ३०० च्या वर होता, खालचा १९० . मेंदूत रक्तस्राव झाला होता. वय त्रेसष्ट. ते चित्र अपुरेच राहिले. मी चित्रकलेचा मास्तर, म्हणून त्या अर्धवट रंगवलेल्या चित्राची छायाचित्रे मी बराच वेळ पाहत बसलो. चेहरा पुरा झाला आहे, आणि खाली नुसते कागदाचे पांढरेपण.

हा मृत्यू अगदी अनपेक्षित होता असे त्यांच्या खासगी डॉक्टरांनी तेव्हा सांगितले. सगळे आकडे ब्रूनने १९७० साली प्रसिद्ध केले.

रूझवेल्टनंतर तीन वर्षांनी, १९४८ मध्ये, अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम या लहानशा गावात ५,२०९ स्त्रीपुरुषांची नोंद करून त्यांच्यावर वर्षानुवर्षे नजर ठेवण्याचे काम सुरू झाले. कोणाला हृदयविकार होतो, कोणाला पक्षाघात, आणि आधी त्यांचे काय काय निराळे होते? विमावाल्यांनी जे वहीत पाहिले होते ते डॉक्टरांनी गावात पाहिले.

आता आपल्याकडे येऊ. औषध नव्हते असे मी म्हटले ते युरोप-अमेरिकेपुरते. आपल्या देशात सर्पगंधेची मुळी शतकानुशतके वापरात होती. बिहारकडे तर ती 'पागल की दवा' म्हणूनच विकली जाई. १९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ती रक्तदाब उतरवते असे लिहिले होते, पण ते देशाबाहेर फारसे कोणी वाचले नाही. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ही मुळी पन्नास रोग्यांवर पद्धतशीर तपासली आणि १९४९ साली ब्रिटनमधील हृदयरोगाच्या नियतकालिकात निष्कर्ष छापले. तेव्हा कुठे जगाने मान वळवली. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये त्या मुळीतून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढले गेले, आणि १९५७ साली डॉ. वकीलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. परळच्या वॉर्डांत सुरू झालेली ही गोष्ट आपल्या शाळेच्या कोणत्याही पुस्तकात मला कधी आढळली नाही.

औषधाने आकडा उतरतो हे ठीक, पण माणूस वाचतो का? याचे उत्तर अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांतून १९६७ साली आले. खालचा आकडा ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष निवडले. ७३ जणांना खरे औषध, ७० जणांना तसल्याच दिसणाऱ्या पोकळ गोळ्या. पोकळ गोळ्यांच्या बाजूला २७ जणांवर गंभीर प्रसंग ओढवले, औषधाच्या बाजूला दोघांवर. फरक इतका ठळक की वादाला जागाच उरली नाही. त्या औषधांतील तिघांपैकी एक होते आपल्या सर्पगंधेचेच रेसर्पिन. पुढे मन उदास होते म्हणून ते मागे पडले आणि अधिक सौम्य औषधे आली, हेही सांगितले पाहिजे.

मग निरोगी दाबाची हद्द कोणती? १९५० च्या दशकात इंग्लंडात प्लॅट आणि पिकरिंग या दोन मोठ्या डॉक्टरांचा यावर वाद रंगला. प्लॅट म्हणत, रोगी आणि निरोगी हे दोन वेगळे गट आहेत. पिकरिंग म्हणत, असा मधला बांध कुठे नाहीच. कमी दाबाकडून जास्त दाबाकडे धोका चढत जातो, आणि रेघ आपण आपल्या सोयीसाठी ओढतो. मी पिकरिंगच्या बाजूचा. पाण्यात काळा रंग थेंबाथेंबाने मिसळून मुलांना छटांची पट्टी करायला सांगतो तेव्हा पांढरा कुठे संपला आणि करडा कुठे सुरू झाला यावर दरवर्षी वर्गात भांडण होते.

म्हणूनच ही रेघ सरकत आली. एके काळी १६० बाय ९५ च्या वर रोग म्हणत. मग ती १४० बाय ९० वर आली, आणि भारतात व युरोपात आजही रोगनिदानाची रेघ तीच आहे. २०१५ साली अमेरिकेत नऊ हजारांवर लोकांवर केलेल्या एका मोठ्या प्रयोगात, हृदयरोगाचा धोका अधिक असलेल्यांचा वरचा आकडा १२० च्या खाली आणला तर हृदयविकार आणि मृत्यू आणखी कमी होतात असे दिसले. त्यानंतर २०१७ मध्ये अमेरिकेने रेघ १३० बाय ८० वर आणली. आणि 'वयाबरोबर दाब वाढायचाच' हे तरी खरे का? १९८८ साली ३२ देशांतील दहा हजारांवर लोकांची तपासणी प्रसिद्ध झाली. तीत ब्राझीलच्या अरण्यातील यानोमामी लोकांचा सरासरी दाब ९६ बाय ६१ होता. हे लोक मीठ जवळजवळ खातच नाहीत, आणि वय झाले तरी त्यांचा दाब चढत नाही. ताटात चकली आणि शेव घेऊन हा लेख वाचणाऱ्यांची मी क्षमा मागतो.

असो. शिबिरानंतर मी आमच्या सध्याच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी पहिला आकडा ऐकून नुसते हसून विचारले, "जिने चढून आलात? चहा घेतला होता? बाहीवरून पट्टा? पाय एकावर एक? मधे बोलत होतात?" पाचही प्रश्नांना माझे उत्तर होकारार्थी होते. यांतल्या प्रत्येक गोष्टीने आकडा थोडाथोडा फुगतो म्हणे. काहींचा तर नुसत्या पांढऱ्या डगल्याच्या दर्शनाने फुगतो. आधी अर्धा तास चहा-तंबाखू नको, लघवीला जाऊन यावे, पाठ टेकून आणि पाय जमिनीला लावून पाच मिनिटे शांत बसावे, उघड्या दंडाला बेताचा पट्टा बांधावा, हात टेबलावर हृदयाच्या पातळीत ठेवावा, तोंड बंद. मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे. असे सात दिवस, सकाळ-संध्याकाळ. घरच्या आकड्यांना १३५ बाय ८५ ची रेघ लावतात, कारण माणूस घरी निवांत असतो. एका आकड्यावर निदान करीत नाहीत. पण १८० बाय १२० चढला आणि छातीत दुखते, श्वास लागतो, तोंड वाकडे होते किंवा हात लुळा पडतो असे काही दिसले, तर वही बाजूला टाकून थेट रुग्णालय गाठायचे.

मी यंत्र आणले. आठवड्याची सरासरी आली १३८ बाय ८८. १५४ नव्हे, हे खरे. पण रेघेच्या पलीकडेच. बाईंनी मीठ उतरवायला सांगितले, रोज अर्धा तास चालायला सांगितले आणि तीन महिन्यांनी परत बोलावले आहे. गोळी लागेल की नाही ते तेव्हा ठरेल. अण्णांचे काय झाले तेही मी त्यांना सांगितले. त्यांनी चिठ्ठी हातात घेतली, बराच वेळ पाहिली आणि काही न बोलता परत दिली.

काल वसुबारस. आई चकल्या पाडत होती, मोहनाला सढळ आणि मिठाला कंजूष. घाणा उतरल्यावर तिला बळेच खुर्चीवर बसवले. पाच मिनिटे गप्प बसणे हे तिच्यासाठी उपासाहून कठीण.

"माझे वय चौऱ्याहत्तर," ती म्हणाली. "शंभर अधिक चौऱ्याहत्तर म्हणजे..."

"आई, बोलू नकोस," मी म्हटले, "पट्टा फुगतो आहे."